आजोबांचं बासन सोडताना

आजोबांच्या आठवणी कशा जपाव्यात आणि कशा लिहाव्यात, याविषयी आलेली निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. आजोबा प्रत्येकाचे वेगळे, तरी वळण बरंचसं एकच: गळ्यात माळ, घरात मोठं खटलं, आणि शाळेच्या इमारतीपासून सोसायटीच्या कर्जवाटपापर्यंत गावाच्या कशात ना कशात पाय अडकलेला. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावगाव गाळलं आहे.

प्रश्न : आजोबांच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची आहे. लिहायला बसलं की ‘अत्यंत श्रद्धाळू, कुटुंबवत्सल, सेवाभावी’ एवढंच सुचतं आणि मजकूर अर्ध्या पानात संपतो. पुढे काय लिहायचं? (एक नात)

उत्तर : ती तीन विशेषणं एका कागदावर लिहा आणि बाजूला ठेवा. स्मरणिकेत ती एकदाही येणार नाहीत असं ठरवा. या शब्दांनी कुणाचेही आजोबा उभे राहतात, तुमचे राहत नाहीत.

श्रद्धेपासून सुरुवात करा, कारण ती दिनक्रमात दिसते. उठायची वेळ कोणती? उठल्यावर पहिलं काम काय? गंध आंघोळीनंतर लगेच, की पूजेला बसल्यावर? हरिपाठ घरच्यांना घेऊन, की एकट्याने? पुस्तक समोर लागायचं, की पाठ होता? वाचताना आवाज मोठा, की ओठ नुसते हलायचे? अशी वीस-पंचवीस उत्तरं जमली की एक सकाळ लिहून होते. त्यानंतरचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि खरा माल तिथेच असतो: नेम कधी मोडला? एकादशीच्या दिवशी मळणी आली तेव्हा काय केलं, घरात बाळंतीण अडली तेव्हा पूजा राहिली का, सुतकात काय केलं, दवाखान्यात माळ काढायला सांगितली तेव्हा काय झालं? नेम पाळणारी माणसं पुष्कळ असतात. तो कशासाठी बाजूला ठेवला यावरून माणूस कळतो.

कुटुंबाविषयी लिहिताना पैसा, शिक्षण आणि आजारपण या तीन ठिकाणी पाहा. मुलींना कितवीपर्यंत शिकवलं आणि का थांबवलं? भावाच्या मुलांच्या फीचं काय? घरात पगार किंवा विकलेल्या मालाची पट्टी आली की ती कुणाच्या हातात जायची? सेवेसाठी चार प्रश्न पुरतात: काम नेमकं कोणतं, किती वर्षं, सोबत कोण, आणि खर्च कुणाचा? ‘शाळा बांधली’ असं लिहू नका. जागा दिली, वर्गणी जमवली, पाया खणायला माणसं आणली, की अर्ज घेऊन कचेरीत खेटे घातले, यांतलं जे केलं असेल ते लिहा. खेटे घालणं हीही सेवाच आहे, आणि स्मरणिकांतून नेमकी तीच गाळली जाते.

फरक किती पडतो ते पाहा. ‘ते फार दयाळू होते’ हे वाक्य वाचून संपतं. ‘उन्हाळ्यात ओसरीवरचा माठ ते स्वतः भरत, पाणी मागणाऱ्याला आधी बसायला सांगत, मग तांब्या देत’ हे वाचलं की दयाळू हा शब्द वाचणाराच मनात म्हणतो.

जन्मापासून सुरुवात करू नका. ‘यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला’ या वाक्यावर वाचक पान उलटतो. त्यांच्या पन्नाशीतला एक साधा दिवस आधी लिहा आणि मग मागे जा.

आकारमानाचा हिशोब आधी मांडा. मध्ये पिना मारून शिवलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात: १६, २४, ३२. ए-५ आकारात, १३ पॉइंट अक्षरांत एका पानावर साधारण २५० शब्द बसतात. म्हणजे ३२ पानांतून फोटोंना १० आणि वंशावळीला २ पानं दिली, तर मजकुराला २० पानं, म्हणजे ५ हजार शब्द उरतात. घरातल्या आठ जणांकडून लेख मागवाल तर आठही लेखांत एकच प्रसंग येईल. त्याऐवजी एकानेच सगळ्यांना विचारून लिहावं आणि बाकीच्यांनी तपासावं. यावरून थोडे रुसवेफुगवे होतील, होऊ द्या.

प्रश्न : आजोबांच्या वह्यांमध्ये तारखा नाहीत, तिथ्या आहेत. ‘शके १८७० माघ व॥ ५’ असं काहीतरी. याची इंग्रजी तारीख कशी काढायची? (थोरला नातू)

उत्तर : ‘शु॥’ म्हणजे शुद्ध आणि ‘व॥’ म्हणजे वद्य. चैत्रापासून कार्तिकापर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवा, माघ-फाल्गुनाला ७९ मिळवा. मार्गशीर्ष आणि पौषात १ जानेवारी कुठेही पडू शकते, म्हणून ते दोन महिने पंचांगात पाहूनच ठरवा. तुमची नोंद माघातली आहे, म्हणजे १८७० अधिक ७९, सन १९४९, महिना फेब्रुवारी.

नेमकी तारीख काढताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला सर्वांत मोठा. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षाला फरक पडत नाही, पण वद्य पक्षाला उत्तरेकडचं पंचांग पुढच्या महिन्याचं नाव देतं. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. मोबाइलवरची पुष्कळ पंचांगं उत्तरेच्या पद्धतीवर लावलेली असतात. तिथे ‘माघ कृष्ण ५’ शोधाल तर थेट एक महिना आधीची तारीख हाती येईल. सेटिंगमध्ये ‘अमान्त’ निवडा.

दुसरा घोटाळा अधिक महिन्याचा. साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना दोनदा येतो. वहीत ‘अधिक’ किंवा ‘निज’ असं लिहिलं असेल तर ते गाळू नका. तिसरा टिळक पंचांगाचा. ते वापरणाऱ्या घरांत अधिक महिना आणि सण काही वर्षी इतरांपेक्षा वेगळे पडतात, म्हणून घरात कोणतं पंचांग असायचं ते आधी विचारा.

पडताळ्याला वार वापरा. आजोबांनी तिथीसोबत वार लिहिला असेल आणि तुम्ही काढलेल्या तारखेला तोच वार येत असेल, तर तारीख बरोबर. एका दिवसाचा फरक आला तर घाबरू नका, तिथी मध्यरात्री बदलत नाही. दोन-तीन दिवसांचा फरक मात्र चुकीचा समजा.

सरकारी कागदावर शक आहे पण शुद्ध-वद्य नाही, नुसतं ‘२५ चैत्र’ आहे, तर ती तिथी नव्हे. ती २२ मार्च १९५७ पासून सुरू झालेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. व्यापाऱ्याच्या चोपडीत संवत असेल आणि नवं वर्ष दिवाळी पाडव्याला धरलं असेल, तर कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करा, पुढे ५६. मराठवाड्यातल्या निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे.

स्मरणिकेत तिथी आणि तारीख दोन्ही छापा. आजोबांच्या मनातला दिवस तिथीचाच होता.

प्रश्न : देव्हाऱ्याखाली लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या आणि काही मोडी कागद निघाले. कडा कुरतडलेल्या आहेत, काही पानं चिकटली आहेत. लॅमिनेशन करून घ्यावं का? (सूनबाई)

उत्तर : करू नका. लॅमिनेशनमध्ये तापवलेलं प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर ते कुणालाही सोडवता येत नाही. चिकटपट्टीही नको. तिचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागदात मुरतो, आणि अक्षर गेलेलं असतं ते पट्टीखालीच.

बासन सोडण्याआधी त्याचा फोटो काढा. मग प्रत्येक घडी उलगडताना एकेक फोटो. कोणता कागद कशात गुंडाळला होता, कुठे मोरपीस होतं, कुठे पावती, हे एकदा विस्कटलं की परत जुळत नाही. सुट्या पानांच्या पोथीत पानाचा क्रमांक पानाच्या एकाच बाजूला, बहुधा मागच्या बाजूच्या समासात असतो. आधी क्रमांक पाहा, मगच पान हलवा. शेवटच्या पानावर ‘पुष्पिका’ असते: कुणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात. पोथी आजोबांच्या आजोबांची असेल तर ते तिथेच कळेल.

पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका, आणि यामागचं कारण शिष्टाचारापुरतं नाही. जुन्या हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग, आणि लाल अक्षरांचा हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. कोरड्या, स्वच्छ हातांनी काम करा आणि उठल्यावर हात धुवा.

काळी कुळकुळीत अक्षरं बहुधा काजळीच्या शाईची असतात. ती उजेडाने फिकी होत नाहीत, पण पाण्याने पुसली जातात, म्हणून ओलं फडकं वर्ज्य. अक्षर तपकिरी झालं असेल आणि रेघेच्या जागी कागदाला चिरा किंवा भोकं पडली असतील, तर ती हिराकसाची शाई. तिच्यातल्या आम्लाने कागद खाल्लेला असतो. ते पान वाकवू नका, घडी घालू नका, सपाट ठेवूनच फोटो घ्या. चिकटलेली पानं घरी सोडवू नका. वाफ दिली तर ती सुटतात, आणि शाईही सुटते.

कागद खाणारी पांढरट, चपळ कसर असेल तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका. दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव धरतं. हा उपाय फक्त कागदाला, फोटो आणि कॅसेटला नको. डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांची वाफ माणसालाही बरी नाही आणि अंडी त्यांनी मरत नाहीत. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच असेल तर कडकडीत वाळलेला ठेवा, ओला पाला आत ओलावाच नेतो. बुरशीला ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट, माळा आणि देव्हाऱ्याखालची ओल या तिन्ही जागा बाद. लाल फडकं काढून जपून ठेवा, पण पोथी पांढऱ्या, खळ काढण्यासाठी दोन-तीनदा धुतलेल्या मांजरपाटात बांधा. लाल रंग ओलाव्यात कागदावर उतरतो.

पानांवरचे तेलाचे आणि हळदीचे डाग पुसू नका. जे पान सर्वांत मळलं आहे ते सर्वांत जास्त उघडलं गेलं. आजोबांच्या श्रद्धेविषयी इतकी सरळ साक्ष दुसरी मिळणार नाही. त्या पानावर काय आहे ते वाचा आणि स्मरणिकेत त्याची नोंद करा.

मोडी कागदांविषयी: धर्माच्या पोथ्या बहुतेक बाळबोधीत म्हणजे देवनागरीत असतात, मोडीत असतात ती खरेदीखतं, कर्जरोखे, पत्रं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, म्हणून अक्षरं ओळखता आली तरी वाचन लगेच जमत नाही. आकडे मात्र बरेचसे देवनागरीसारखे असतात. सन आणि रक्कम तुम्हीच टिपून कागद तारखेने लावा आणि मगच वाचणाऱ्याकडे द्या. राज्य शासनाचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेत आले आहेत, वाचणारी माणसं तिथे भेटतात. त्यांच्याकडे मूळ कागद नेऊ नका, स्वच्छ फोटो न्या.

प्रश्न : आजोबा भजन म्हणत, सप्ताहात वीणा घेऊन उभे राहत. त्यांच्या आवाजाच्या चार कॅसेट आहेत, ३० वर्षं कुणी लावलेल्या नाहीत. (धाकटा नातू)

उत्तर : उत्साहाने लगेच लावू नका. आधी खिडकीतून आतल्या फितीची कड उजेडात पाहा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी कॅसेट यंत्रात घालायची नाही. तुमचं यंत्र आणि उरलेल्या तीन कॅसेट दोन्ही नासतील. ती ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्याकडेच द्या.

फीत स्वच्छ असेल तर वरच्या कडेचे दोन चौकोनी कान मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही. फितीच्या मधोमध, पत्र्याच्या पट्टीवर नमद्याची बारीक गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज दबका आणि खालीवर येतो. अशा वेळी दुसऱ्या, स्क्रूने जोडलेल्या रिकाम्या कॅसेटच्या कवचात फीत हलवता येते. ढिली फीत षटकोनी पेन्सिलीने ताणून घ्या आणि पूर्ण पुढे, पूर्ण मागे एकदा फिरवा. थर एकमेकांना चिकटलेले असतात ते असे मोकळे होतात.

टेपरेकॉर्डरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. तपकिरी मळ निघेल, काडी पांढरी राहीपर्यंत पुसा. पहिल्यांदा त्यात एखादी बिनकामाची कॅसेट लावून पाहा. फीत गिळणारं यंत्र असेल तर ते तिच्यावर कळलेलं बरं.

टेपच्या लाइन-आउटमधून, ते नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये घाला. माइकच्या छिद्रात घातलीत तर आवाज फाटतो, ही सर्वांत जास्त होणारी चूक. स्पीकरसमोर मोबाइल धरणं हा शेवटचा उपाय. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल घ्या. एकेरी म्हणजे मोनो आवाजात तासाला सुमारे ५२० एमबी लागतात. टाळांच्या गजरात काटा लाल पट्टीत जाईल. पातळी गजरावर जमवा, बोलण्यावर नको. आवाज खोलातून येतोय असं वाटलं तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी पाव-पाव फेरा फिरवून पाहा. टाळांचा खणखणाट सर्वांत मोकळा ऐकू येतो ती जागा बरोबर.

सी-६० ला प्रत्येक बाजू ३० मिनिटं, सी-९० ला ४५. सी-१२० असेल तर फार जपा, तिची फीत पातळ असते आणि सहज गुंतते. खरखर काढण्याचा मोह मूळ फाइलवर करू नका. दुसरी प्रत करून तिच्यावर काय ते प्रयोग करा. आणि दोन अभंगांमधलं खोकणं, ‘पाणी दे गं’ असं म्हणणं कापू नका. गाणं काय, इतरांचंही मिळेल.

प्रश्न : भिंतीवरचा त्यांचा फोटो काचेला चिकटला आहे. अल्बममधलेही निघत नाहीत. (लेक)

उत्तर : काचेला चिकटलेला ओढू नका, चित्राचा थर काचेवर राहील आणि हाती कोरा कागद येईल. काच बाहेरून पुसा, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता काचेसकट फोटो घ्या आणि त्याची प्रत करा. चिकटलं का, तर काच आणि फोटोच्या मध्ये जागा नव्हती, हाराची ओल आणि समईची वाफ आत गेली. पुढे भिंतीवर प्रतच लावा, तीही मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून. मूळ फोटो पेटीत ठेवा. हळदकुंकू प्रतीला वाहिलं तरी आजोबांना पोचतं.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटोखालून दात स्वच्छ करायचा रेशमी दोरा करवतीसारखा सरकवा. नाहीच निघाला तर पानच कापून काढा. स्कॅन ६०० डीपीआयवर करा; ४ बाय ६ इंचांच्या फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात आणि दुप्पट मोठी छपाईही नीट येते. निगेटिव्ह असेल तर फोटोऐवजी तीच स्कॅन करा, २४०० च्या वर. छापखान्यात व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते चिमटतात.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, रेघ पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला. गुळगुळीत रंगीत फोटोवर पेन्सिल उठत नाही, त्याचं पाकिटावर लिहा. नावं डावीकडून उजवीकडे लिहा. बायकांची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला एकच आत्या दोन वाटतील.

प्रश्न : आजीला विचारलं की ‘चांगले होते हो, देवमाणूस’ यापुढे ती जात नाही. (नात)

उत्तर : ‘आजोबा कसे होते?’ या प्रश्नाचं उत्तर तेवढंच असतं. वस्तू हातात द्या आणि गप्प बसा. त्यांचा पितळी डबा, चष्मा, पानाची चंची, वारीची पिशवी. ‘ही पिशवी कोण शिवायचं?’ इथून सुरुवात झाली की वाट आपोआप सापडते. जागेचाही उपयोग होतो: ‘जुन्या घरात ते कुठे बसायचे, दार कुठल्या बाजूला होतं?’ कागदावर घराचा नकाशा काढायला घ्या आणि मुद्दाम चुकीचा काढा. आजी दुरुस्त करायला पुढे सरकेल.

मोबाइल विमान मोडवर टाकून एका वितीवर उशीवर ठेवा. टेबलावर ठेवला तर प्रत्येक पेला ठेवल्याचा धडाका येतो. पंखा बंद, खिडकी बंद. एक बैठक पाऊण तासाची, सकाळची. आजी थांबली की मनात दहा आकडे मोजा, लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. बहुतेक चांगल्या गोष्टी सातव्या-आठव्या आकड्याला येतात. सन चुकलं तर मध्येच सुधारू नका. सनांऐवजी ‘थोरल्याचं लग्न झालं होतं का तेव्हा?’, ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असं विचारा. रेकॉर्ड करतोय हे आधी सांगा आणि शेवटी विचारा की यातलं काय बाहेर जाऊ द्यायचं नाही. ते खरंच जाऊ देऊ नका.

प्रश्न : घरात सांगतात की आजोबांनी ५० वर्षं अखंड पायी वारी केली, २५ वर्षं सरपंच होते आणि १९५५ मध्ये जिल्हा परिषदेचे सदस्य होते. हे छापण्याआधी कसं तपासायचं? (नातजावई)

उत्तर : जावयाने हा प्रश्न विचारणं जरा जोखमीचं आहे, पण प्रश्न रास्त आहे.

जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून आल्या. १९५५ मध्ये ते बहुधा जिल्हा लोकल बोर्डावर असतील. आठवण खरी, नाव नंतरचं, असं नेहमी होतं. त्या वेळी महाराष्ट्र राज्यही नव्हतं. कागद शोधताना गाव मुंबई राज्यात होतं, हैदराबादेत की मध्य प्रदेशात, ते आधी पाहा. सरपंचपदाला ग्रामपंचायतीची प्रोसिडिंग बुकं पाहा. प्रत्येक सभेच्या इतिवृत्ताखाली अध्यक्षाची सही असते. पहिली आणि शेवटची सही सापडली की वर्षं मिळाली, आणि २५ ची बहुधा १६-१७ होतील. सोसायटी असेल तर वार्षिक सभेचे अहवाल पाहा. शाळेच्या कोनशिलेवरचं नाव हा कच्चा पुरावा. त्यावर उद्‌घाटकाचं नाव असतं, राबणाऱ्याचं क्वचितच.

वारीसाठी दिंडीच्या भिशीची वही विचारा. वर्गणी दिलेल्यांची नावं वर्षवार असतात. दिंडीचा क्रमांक लिहिताना तो रथापुढचा की रथामागचा, हेही लिहा. नुसता क्रमांक अपुरा. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ‘अखंड’ हा शब्द त्या वर्षांवरून जात असेल तर वाक्य बदला. ‘४१ वर्षं गेले, १९७२ ला दुष्काळामुळे आणि दोनदा आजारपणाने राहिली’ असं वाक्य निघालं तर ते ५० अखंडपेक्षा भरवशाचं वाटतं, कारण कुणीतरी मोजलंय हे दिसतं.

जन्मतारीख १ जून असेल तर तीही तपासा. शाळेत घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकच आहे. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद मिळू शकते. ती बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असते, जुनी असेल तर मोडीत, आणि मुलाचं नाव न लिहिता बापाचं नाव आणि ‘मुलगा’ एवढंच असतं. भावंडांचा क्रम लावूनच ती ओळखावी लागते. शिक्षण ‘फायनल’ असं ऐकलं असेल तर ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. त्या काळी तेवढ्यावर शिक्षकाची नोकरी लागत असे, तेव्हा ते कमी लेखून लपवू नका.

वंशावळीसाठी त्र्यंबकेश्वर, नाशिक इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गाव आणि आडनाव सांगून शोध घेता येतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या रीतीमुळे एक नाव एकाआड एक पिढीत येतं. बापाचं नाव जोडल्याशिवाय कुठलीच नोंद आपली समजू नका.

प्रश्न : डायरीत काकांना दिलेल्या उसनवारीचा आणि त्यावरून झालेल्या भांडणाचा मजकूर आहे. छापावा का? (नाव नको)

उत्तर : काका हयात असतील तर नाही. पानं फाडूही नका. पाकिटात घालून, वर तारीख आणि ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असं लिहून मूळ डायरीसोबत ठेवा. आजोबांनी ती रक्कम मागितली की सोडून दिली, एवढं मात्र स्वतःपुरतं वाचून ठेवा. कुटुंबवत्सल हा शब्द खरा होता का, ते तिथे कळेल. आजोबांचे आधार, पॅन, बँकेचे आणि जमिनीचे कागदही घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका.

प्रश्न : हे सगळं शेवटी ठेवायचं कुठे? आणि छापखान्यात काय सांभाळायचं? (थोरला नातू)

उत्तर : प्रत्येक फाइलच्या तीन प्रती: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या बहिणीकडे. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी नाही; न वापरता पडून राहिला तर कोरा होऊ शकतो. वर्षातून एकदा, पुण्यतिथीला, डिस्क जोडून चार फाइली उघडून पाहा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग ठिकाण, मग माणूस. ‘आजोबा नवीन फायनल २’ असं नाव ठेवलंत तर दोन वर्षांनी तुम्हालाही उमगणार नाही.

छापखान्याला मजकूर युनिकोडमध्ये द्याल. त्यांच्याकडे जुने फाँट असतील तर बदल करताना ‘र्य’ आणि ‘ऱ्य’, रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात: ‘पायऱ्या’, ‘सूर्योदय’, ‘विठ्ठल’, ‘ज्ञानेश्वरी’ हे चार शब्द प्रुफात सर्वांत आधी शोधा. नावं आणि सनं दोघांनी मिळून तपासा, एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवायचं. वर्षश्राद्धाच्या तीन महिने आधी मजकूर संपवा, एक महिना आधी प्रुफं. शेवटची दोन पानं कोरी सोडायला सांगा आणि त्या दिवशी जमलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती पुस्तिकेसोबत पेनही द्या.